भटारखाना वर्षातून एकदाच धुवावा

हॉटेल काढलंत, अभिनंदन. आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: किचन स्वच्छ ठेवायचं ते तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. गिऱ्हाईक काही आत डोकवायला येत नाही, मधे दार आहे. साहेब वर्षाकाठी येणार, तास-दीड तास थांबणार. बाकीचे दिवस घासूनपुसून कोणाला दाखवायचंय?

हात धुण्याच्या बेसिनपासून सुरुवात करू, कारण बरेचसे साहेबही तिथूनच करतात. एरवी त्यात पोछ्याची बादली बसलेली असते, ती तेवढ्यापुरती उचला. साबणाची नवी बाटली ठेवा, पण कृपा करून तिचं सील फोडा आणि निम्मा साबण मोरीत ओता. दहा माणसांच्या किचनमध्ये काठोकाठ भरलेली बाटली फार बोलते.

खरी कला मात्र तापमानाच्या वहीत आहे. फ्रीजचं तापमान रोज पाहून लिहायचं असतं. पाहायला थर्मामीटर लागतो, लिहायला नुसतं पेन पुरतं; तेव्हा पेन घ्या. नवशिके महिनाभराचे रकाने एका बैठकीत ४ अंशांनी भरून टाकतात, एकाच शाईत, आणि हात चालतोय म्हणून उद्याचाही आकडा लिहून मोकळे होतात. तुम्ही मधूनच ३.८ लिहा, एखादा ४.६ येऊ द्या. पेन बदला. पानाच्या कोपऱ्याला तेलकट बोट लावा. आणि फ्रीज दुरुस्तीला गेला होता त्या आठवड्यात तरी तो थंडगार असल्याची नोंद करू नका. एवढ्या मेहनतीत खरं तापमान बघून झालं असतं, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. त्याला धंदा कळत नाही.

रात्री उरलेलं मोठं पातेलं ओट्यावर तसंच झाकून ठेवा. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. सगळं मनासारखं जुळलं तर काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एकाचे आठ तासांत दीड कोटीच्या वर. इतकी बरकत धंद्यात दुसरीकडे कुठे दिसत नाही. अमेरिकेचा फूड कोड सांगतो की शिजवलेलं अन्न दोन तासांत ५७ वरून २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आणा. त्यासाठी ते उथळ ट्रेमध्ये काढावं लागतं. मग ट्रे घासायचे कोणी? सकाळी खळखळून उकळलं की झालं, अशी आचाऱ्यांची श्रद्धा असते. स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूने सोडलेलं विष उकळूनही टिकतं, पण श्रद्धेत आपण कशाला पडा?

आचाऱ्याचं पोट बिघडलं तर सुट्टी देऊ नका, पगारी तर मुळीच नको. चालताफिरता दिसतोय म्हणजे ठणठणीत आहे. न्यूयॉर्कची मेरी मॅलनसुद्धा अशीच ठणठणीत होती. टायफॉइडचे जंतू अंगात बाळगून स्वयंपाक करायची. १९०७ मध्ये तिला पकडून वेगळं ठेवलं. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर १९१० मध्ये सोडलं, तर १९१५ मध्ये बाई नाव बदलून प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात सापडल्या. कामावर अशी निष्ठा आता राहिली नाही.

आग विझवायचं नळकांडं पोत्यांच्या मागे सुरक्षित असतं, तिथेच असू द्या. कढईतलं तेल पेटलं की पाणी ओतायला एखादा हौशी पोऱ्या असतोच. ज्वाळा थेट चिमणीत जातात आणि तिथे साचलेलं वर्षाचं तेलकट मेण आयतंच जळून निघतं. साफसफाईचा खर्च वाचला.

एवढं करूनही साहेबांनी कमी गुण दिलेच, तर हिरमुसू नका. इंग्लंडमध्ये ० ते ५ असे गुण मिळतात, पण त्या गुणांचा स्टिकर दारावर लावायची सक्ती नाही, ड्रॉवरमध्ये टाका. वेल्समध्ये मात्र २०१३ पासून तो दारावर लावावाच लागतो. अशा कडक मुलखात हॉटेल असेल तर प्रवेशाशी रुंद पानांचं एखादं झाड कुंडीत लावा, बरोबर स्टिकरच्या पुढ्यात. आणि त्या झाडाला रोज न चुकता पाणी घाला, पानं फडक्याने पुसून घ्या. त्याची हेळसांड परवडायची नाही.