लाल टोपीची सिरिंज

सिस्टरांना मधुमेह पुरेसा कळत नाही, म्हणून इन्सुलिनचं सगळं डॉक्टरांना विचारूनच व्हावं, असं भारतात आपण सर्रास म्हणतो. ब्रिटनमधून हा वाद ऐकताना वाटतं, आपण परीक्षा घेतोय ती भलत्याच गोष्टीची. टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) आणि टाइप २ (बनतं, पण पुरत नाही) मधला फरक लिहून दाखवणं सोपं आहे. खरा कस लागतो तो सिरिंज हातात असताना.

आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, इन्सुलिन टोचायच्या पेनच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आतल्या औषधाच्या नळीत, १००. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं, की पाव मिलिलिटर येतं आणि रुग्णाला २५ युनिट जातात. उलट गफलतीत, म्हणजे कुपीतलं औषध नारिंगी टोपीच्या सिरिंजने ओढलं तर, १० च्या जागी ४ च. ब्रिटनमध्ये कुपीही १०० चीच, तरी पेनमधून सिरिंजने इन्सुलिन काढायला सक्त मनाई आहे; तसं करून जादा डोस गेला तर ती चूक 'कधीच घडू नयेत' अशा घटनांच्या इंग्लंडमधल्या राष्ट्रीय यादीत मोडते. चार्टवर 'युनिट' हा शब्दही पूर्ण लिहायचा, कारण नुसतं इंग्रजी 'यू' घाईत शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. हे दोन्ही नियम आपण उद्या लावू शकतो, त्याला पैसा लागत नाही.

अधिकाराचं मात्र अवघड आहे. साखर ७० च्या खाली, रुग्ण शुद्धीवर आहे, गिळू शकतोय: १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. यासाठी इथली, ब्रिटनमधली, नर्स डॉक्टरांना शोधत बसत नाही. लेखी पद्धत ठरलेली असते, सामान वॉर्डातच असतं. आपली सिस्टर पुष्कळदा हे जाणत असूनही थांबते, कारण काही बिनसलं तर दाखवायला तिच्याकडे कागद नसतो. याला अज्ञान म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

अज्ञान आहे ते वेगळ्या जागी, आणि इकडेही आहे. साखर उतरली म्हणून टाइप १ च्या रुग्णाचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिनही बंद ठेवलं जातं. काही तासांत कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी घातक आम्लं, वाढू लागतात. दुसरी जागा पोटावरच्या गाठींची. रोज त्याच ठिकाणी टोचून त्वचेखालची चरबी फुगते, तिथलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, डोस वाढत जातो. मग रुग्ण भरती होतो, नर्स तोच डोस चांगल्या जागी देते आणि साखर धाडकन उतरते. चार्टमध्ये ही गाठ दिसत नाही. टोचण्याआधी दोन बोटांनी चाचपलं तर हाताला लागते.