आभार त्यांनीच मानले

काल संध्याकाळी आमच्या रोटरी क्लबची साप्ताहिक सभा झाली. व्याख्यानाचा विषय होता 'आर्थिक भ्रष्टाचार आणि आपण'. सभेनंतरच्या स्नेहभोजनाला मीही बसलो, आणि ते जेवण अजून पचलेले नाही, म्हणून हे लिहितो आहे. लांबणार आहे, ज्यांना वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जावे.

वक्ते निवृत्त लेखापरीक्षक होते आणि बोलले उत्तम, हे आधी सांगतो. 1992 च्या रोखे घोटाळ्यातील 'बँक रिसीट' म्हणजे नेमके काय, हे इतक्या वर्षांत मला प्रथमच नीट कळले. रोखे विकणारी बँक ते हाती देण्याऐवजी 'आमच्याकडे आहेत, मागाहून देतो' अशी पावती लिहून देत असे, आणि त्या कागदावर दुसरी बँक पैसे मोकळे करत असे; मागे रोखे आहेत की नाहीत, हे कुणी उघडून पाहत नसे. अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराडही होती, असे त्यांनी सांगितले तेव्हा सभागृहात थोडी चुळबुळ झाली, कारण आमच्याकडे कराडात प्रत्येकाचा कुणी ना कुणी पाहुणा असतो. मग पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक आली. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे लपवण्यासाठी 21,049 खोटी खाती उभी केली होती, आणि सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. लोकांनी 'अरेरे' केले. मीही केले.

त्यानंतर बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या ठेव विम्याचा विषय निघाला. पूर्वी एक लाखाचे असलेले संरक्षण फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांचे झाले आहे, हे ऐकून पुढच्या रांगेतील मंडळी खुर्चीत सैलावून बसली. तेवढ्यात मागून आमचा एक नवा सदस्य उठला आणि त्याने विचारले, "सर, हा विमा पतसंस्थेतील ठेवींनाही असतो का?" वक्ते म्हणाले, "नाही, पतसंस्थांना तो लागू नाही, आणि तिथेच खरी..." एवढ्यात अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, वेळेअभावी प्रश्नोत्तरे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि आभारप्रदर्शनासाठी एका ज्येष्ठ सदस्याला पाचारण केले.

ते ज्येष्ठ सदस्य कोण, हे गावातील माझ्या मित्रांना सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी एवढेच सांगतो की, चार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात जी पतसंस्था बुडाली, तिच्या संचालक मंडळावर हे गृहस्थ अकरा वर्षे होते. त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "भ्रष्टाचार ही समाजाला लागलेली कीड आहे." टाळ्या झाल्या.

त्याच पतसंस्थेत माझ्या आत्याचे चार लाख रुपये आहेत. 'होते' असे लिहायला हात धजत नाही. आतोबा गेल्यावर आत्याने बावीस वर्षे कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवली, आणि त्यातून मागे पडलेले हे पैसे. ठेवपावत्या ती साडीच्या दुकानातून मिळालेल्या जाड पिशवीत, घडी मोडू नये म्हणून मध्ये जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घालून ठेवते. पावतीवर डाव्या कोपऱ्यात 'ऑडिट वर्ग अ' असे लाल अक्षरांत छापलेले आहे. तिने ते वाचून विचारले होते, "अ म्हणजे चांगलंच ना रे?" मी म्हटले होते, "चांगलंच. आणि संचालक आपल्या क्लबातले आहेत."

हे वाक्य माझे आहे. पुन्हा त्याकडे येतोच.

पतसंस्था बुडाली, असे आपण म्हणतो, जणू काही ती होडी होती आणि वादळ आले. संचालकांच्या भाच्या-पुतण्यांच्या नावे कर्जे निघतात, माळरानाची जमीन बागायतीच्या भावाने तारण दाखवली जाते, आणि हप्ते थकले की त्याच माणसाला नवे कर्ज देऊन जुने भरून घेतले जाते. त्याला आमच्याकडे 'नवं-जुनं करणे' म्हणतात, आणि मार्च महिन्यात हे शब्द इतक्या सहजपणे उच्चारले जातात, जणू गुढीची तयारीच चालली आहे. वर्षअखेरीस कागदावर थकबाकी नाहीशी होते, लाभांश वाटला जातो, सभासदांना स्टीलचा डबा मिळतो. नंतर सहकार कायद्याच्या कलम 83 ची चौकशी, कलम 88 खाली जबाबदारी निश्चित करणे, त्यावर अपील, त्यावर स्थगिती. आणि तोवर माझी आत्या, संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अवसायकाच्या कार्यालयाबाहेरील बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते. तिथला लिपिक तिला दरवेळी पावत्यांच्या झेरॉक्स नव्याने मागतो. 1992 चा कागद आणि हा कागद यांत फरक काय, हे काल कुणीतरी विचारायला हवे होते, आणि ज्याने विचारायचा प्रयत्न केला त्याच्यावर घंटा वाजवण्यात आली.

माझा राग आता त्या गृहस्थांवर राहिलेला नाही, आम्हा चाळीस जणांवर आहे. आमच्या सभागृहात फोर वे टेस्टचा फलक आहे. शिकागोच्या हर्बर्ट टेलर यांनी 1932 मध्ये दिवाळखोरीच्या काठावरची कंपनी सावरण्यासाठी लिहिलेले ते चार प्रश्न आहेत, आणि पहिलाच प्रश्न आहे, हे सत्य आहे का? दुसरा, सर्व संबंधितांना हे न्याय्य आहे का? आम्ही ते दर आठवड्याला उभे राहून, एका सुरात म्हणतो. काल तो फलक आभार मानणाऱ्यांच्या डोक्याच्या बरोबर मागे होता, आणि छायाचित्रात तो पूर्ण यावा म्हणून छायाचित्रकाराने त्यांना थोडे डावीकडे सरकायला सांगितले.

काहीजण म्हणतील की, क्लब चांगली कामेही करतो. करतो. मोतीबिंदूची शिबिरे मी स्वतः भरवली आहेत, आणि भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला त्यात रोटरीचा वाटा आहे, हे मला कुणी शिकवू नये. त्या गृहस्थांनी स्वतः एक रुपयाही खाल्ला नसेल, नुसत्या सह्या केल्या असतील, हेही मान्य. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, हेही मान्य. सगळ्याच पतसंस्था तशा नसतात, हेही.

पण हॅपी बॉक्सचे काय करू? काल सभेच्या सुरुवातीला त्यांनी नातवाला वैद्यकीय प्रवेश मिळाल्याच्या आनंदात त्या पेटीत 1,100 रुपये टाकले. गेल्या दिवाळीत आत्याने गुडघ्याच्या उपचारांसाठी अर्ज केला, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला, तेव्हा अडचणीतील ठेवीदार म्हणून तिला मंजूर झाले 1,000.

आता त्या माझ्या वाक्याकडे येतो. इथपर्यंत टंकताना मी ते टाळत होतो. पतसंस्थेवर निर्बंध येण्याआधी साधारण दोन महिने, अशाच एका सभेनंतर हात धुताना हेच गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमची काही ठेव असेल तर या महिन्यात मोडून घ्या. व्याज गेलं तरी चालेल." माझी दीड लाखाची होती. मी दुसऱ्या दिवशी मुदतीआधी ती मोडली, व्याजाचे नुकसान सोसले आणि मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. आत्याला मी काहीच सांगितले नाही. तिने विचारले नव्हते, मला लक्षात आले नाही, सांगितले असते तर बोभाटा होऊन गर्दी उसळली असती, अशी तीन वेगवेगळी कारणे मी स्वतःला आलटून पालटून देत आलो आहे. खरे हे की, ती गोष्ट मला विश्वासाने सांगितली गेली होती आणि तो विश्वास मला सुखावून गेला होता.

म्हणून काल मीही टाळ्या वाजवल्या असतील. त्या तरुण सदस्याच्या बाजूने उठून एक वाक्य बोलायला मला कुणी अडवले नव्हते.

रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. कुणीतरी तिला सभेचे छायाचित्र पाठवले होते. म्हणाली, "फोटो छान आलाय हो तुझा. ते शेजारी बसलेत ते आपल्या पतसंस्थेचेच ना? मग विचारलंस का त्यांना, माझं काय झालं ते?"

मी म्हटले, "गडबडीत राहिलं, आत्या."

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात भेटतीलच की."