‘संप आणि मटका’ या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘गरिबी वाढली की जुगार वाढतो, हे शेंबड्या पोरालाही कळते, संपानंतर गिरणगावात मटक्यावरचा खर्च घटला असे लिहिणाऱ्याने लालबाग फक्त गणपतीत पाहिलेले दिसते,’ असे आपण लिहिले आहे. लॉटरी आणि पोलिसांच्या धाडी मी का टाळल्या, असेही विचारले आहे. मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु अनोळखी माणसाला आधी शेंबड्या पोराच्याही खाली बसवायचे आणि मग त्याच्याकडे पुरावा मागायचा, ही कोणती रीत?

लालबागचे म्हणाल, तर माझा जन्मच तिथल्या चाळीतला. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते आणि १८ जानेवारी १९८२ पासूनच्या कापड गिरण्यांच्या संपात जे सुमारे अडीच लाख कामगार होते, त्यांतले ते एक. ते आकडा लावत, म्हणजे मटका खेळत, हे घरात सर्वांना ठाऊक होते. पगार चालू होता तोवर ओपनला, म्हणजे पहिल्या निघणाऱ्या आकड्यावर, दोन रुपये रोख जात, आणि महिनाअखेरीस हात आखडला तरी पानाच्या गादीमागे बसणारा माणूस पेन्सिलीने चिठ्ठी लिहून देई, कारण पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर त्याची वसुली ठरलेली असे. संप लांबला तशी सर्वांत आधी ही उधारी बंद झाली. जुगाराला नुसती हाव पुरत नाही. खिशात नाणे किंवा नावावर पत लागते, आणि पगाराची तारीखच उरली नाही तेव्हा पत कशाची?

त्यानंतर वडील चार आणेच लावत, पण जोडीवर, म्हणजे पहिला आणि दुसरा असे दोन्ही आकडे मिळून. आमच्याकडे एका आकड्याला नऊपट आणि जोडीला नव्वदपट मिळत असे. दहांतून एक आणि शंभरांतून एक असा हिशोब मांडला, तर आकडा घेणाऱ्याचा वाटा दोन्हीकडे दहा टक्केच राहतो. परंतु चार आण्यांचे सव्वादोन रुपये होऊन वाण्याचे काहीच फिटत नव्हते. साडेबावीस झाले असते तर निदान रेशन भरता आले असते. म्हणजे रक्कम घटली, उरल्यासुरल्या पैशांतला तिचा हिस्सा कदाचित वाढलाही. माझा लेख रकमेविषयी होता, आणि ते शीर्षकाखालच्या पहिल्याच वाक्यात लिहिले आहे; तिथवर आपण पोहोचला असतात तर आपलीही शाई वाचली असती.

राज्य लॉटरी १९६९ पासून चालू असूनही मी ती एका ओळीत उरकली, हे मान्य. धाडींचे म्हणाल, तर जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे, आणीबाणीत मटकाकिंग रतन खत्री तुरुंगात होता, आणि तरीही संपापर्यंत गिरणगावात आकडा लागतच होता. तेव्हा तो मुद्दा येथे गैरलागू आहे. पुढची प्रतिक्रिया सभ्य भाषेत आली तर उत्तर मिळेल, एरवी मिळणार नाही.