बाबाचिडका अ‍ॅट द रेट नव्व्याण्णव

कालपासून गल्लीतली दोन पोरं मला बघून हसतायत आणि त्याचं मूळ वाचनालयातल्या फुकटच्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

लेकीचा अकरावीचा फॉर्म भरायचा होता. 2025 पासून अख्ख्या राज्याची अकरावी ऑनलाइन झाली, त्यात आमचं तालुक्याचं गावही आलं, जिथे पूर्वी दाखला घेऊन गेलं की कॉलेजातला क्लार्क हमखास ओळखीचा निघायचा. आता दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम टाका म्हणतात. गावात कॉलेजं तीन. घरचं वायफाय चार दिवस मेलेलं, मोबाइलवर ती यादी खाली ओढली की वर पळते, ई-सेवा केंद्राची रांग रस्त्यावर. बायको म्हणाली, वाचनालयात आहे की फुकट इंटरनेट, वर्गणी तर भरतोस वर्षानुवर्षं, पुस्तक एक आणत नाहीस.

तिथे कॉम्प्युटर दोन. एक मॅडमच्या टेबलावर, देवघेवीचा. दुसरा वाचकांसाठी, कपाटांच्या मागे, आणि त्याच्या सीपीयूवर पांढऱ्या ऑइलपेंटने राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचं नाव. हे कोलकात्याचं प्रतिष्ठान, राजांच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा 1972 साली निघालेलं, आपल्याकडच्या वाचनालयातली दहा पुस्तकं उघडा, एखाद्यावर तरी त्यांचा शिक्का सापडतो. तर सतीची चाल बंद करायला जन्मभर झटलेला माणूस, आणि त्याच्या नावाखाली अण्णा सॉलिटेअर खेळत बसलेले.

"चार ते पाच माझी वेळ आहे," अण्णा मान न वळवता म्हणाले. "रजिस्टर बघा."

रजिस्टर बघितलं. चार ते पाच अण्णा. काल चार ते पाच अण्णा. मागचं पान उलटलं, अण्णा. उद्देशाच्या रकान्यात रोज 'संदर्भ शोधणे'.

मी म्हणालो, "अण्णा, जरा अर्जंट होतं, मुलीचं अ‍ॅडमिशन..."

"काळी राणी अडकलीय. बसा."

बसलो. पाचला पाच कमी असताना अण्णा उठले, पण गेले नाहीत. शेजारची खुर्ची ओढून बसले. मला कळेना, हा माणूस घरी का जात नाही. मग कीबोर्डकडे बघितलं तेव्हा कळलं. त्याच्यावर एक अक्षर शिल्लक नव्हतं. सगळी बटणं धुतलेल्या साबुदाण्यासारखी कोरी. कुठलं अक्षर कुठे, हे संपूर्ण तालुक्यात फक्त अण्णांना पाठ.

"तुम्ही सांगा, मी टाकतो," अण्णा म्हणाले. पोस्टात टेलिग्राफवर काढलीत पस्तीस वर्षं, बोटांना डोळे आहेत म्हणाले.

लॉगिन आयडी टाकून झाला. मग म्हणाले, पासवर्ड.

आता पासवर्ड लेकीने ठेवलेला. मी हळूच त्यांच्या कानात सांगायला गेलो, तर अण्णांचा तो कान कामातून गेलेला, हेही मला तेव्हाच कळलं. "मोठ्याने!"

"बी... ए..."

"डी?"

"बी! बदकातला ब!"

पेपरच्या टेबलावरचे चार म्हातारे पेपर खाली करून बघायला लागले. भिंतीवर 'शांतता राखा'. मॅडमनी टेबलावर पट्टी आपटली, माझ्याकडे बघून. अण्णांना काही नाही. मी घाम पुसत एकेक अक्षर सांगत गेलो, बी ए बी ए सी एच आय डी के ए, आणि अण्णा तार आल्यासारखं प्रत्येक अक्षर खणखणीत परत म्हणत होते, आणि शेवटी थांबून त्यांनी ते सगळं एकत्र वाचलं.

"बाबा... चिडका?"

हॉलमध्ये पंख्याचा आवाज.

"कुणी ठेवलाय हा?"

"मुलीने."

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हं. पुढे?"

"अ‍ॅट द रेट नव्व्याण्णव."

पेपरवाल्यांपैकी एकजण इतका हसला की त्याला खोकल्याची ढास लागली. त्याचा नातू आमच्या गल्लीत राहतो.

मग कॉलेजं. प्रत्येक नावाला अण्णांचं मत. पहिल्यात त्यांचा पुतण्या होता, वाया गेला. दुसऱ्याची इमारत गळते. तिसऱ्याच्या वेळी पेपरचं टेबलसुद्धा चर्चेत उतरलं आणि मुलीला सायन्स कशाला यावर मतभेद झाले, मुलगी घरी, बाप चिडका, निर्णय टेबलाचा. पाचव्या कॉलेजाला लाइट गेली. यूपीएसने एक क्षीण टीं केलं आणि तोही गेला.

मॅडमना म्हणालो, हे असं कसं हो चालतं. एरवी हसून बोलणाऱ्या बाई, म्हणाल्या, "नवा कीबोर्ड कशातून घेऊ सांगा." मी गप्प. नंतर हिशोब कळला तेव्हा जास्तच गप्प. ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालच्या, वाचनालयाला वर्षाला 30 हजार अनुदान मिळायचं, त्यातलं निम्मं पगाराला, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. 2022 साली 60 टक्के वाढ झाली, तेव्हाही झाले दोनच हजार. आमचं ब वर्गातलं आहे, जरा बरं, पण किती बरं. आणि ज्या राज्यात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे, त्या राज्यात वाचनालयाची बाई एका कीबोर्डसाठी हात पसरणार. फॉर्म मात्र सगळे ऑनलाइन. मला तेव्हा खरंच राग आला होता, पण चिडायची सोय राहिली नव्हती, चिडलो असतो तर सगळं टेबल एकमेकांकडे बघून मान हलवणार.

अर्ध्या तासाने लाइट आली. मी बाहेर पाणी प्यायला गेलो होतो. मॅडमनी दारातच रजिस्टर पुढे केलं, संगणक सेवेचा लाभ घेतल्याची सही. म्हटलं, काम अजून झालं नाही. म्हणाल्या, सहीचा आणि कामाचा संबंध नाही. केली सही. उद्देशाच्या रकान्यात अण्णांच्या अक्षरात आधीच लिहिलेलं होतं, 'संदर्भ शोधणे'.

कपाटामागे गेलो तर खुर्ची भरलेली.

"तुमचं पान मी बंद केलं," अण्णा म्हणाले, "उगाच कुणी काही बघायला नको. पासवर्ड आहे माझ्या लक्षात."