जोडीने वजन उतरवा, पण एका मापाने नको

"दोघांनी एकच डाएट करा. सारखंच खा, सारखंच मोजा, दर रविवारी एकत्र काट्यावर उभे राहा. एकमेकांवर नजर ठेवा. महिनाभर कडक पाळलंत की दोघांचंही सारखंच उतरेल. ज्याचं उतरणार नाही, तो चोरून खातोय असं समजा. आणि जोडीदार तयार नसेल तर सुरूच करू नका."

हा मजकूर गेल्या काही दिवसांत मला चौघांनी पाठवला. त्यात दोघी नुकतीच लग्नं झालेल्या आहेत. नवरा-बायकोने मिळून खाण्याच्या सवयी बदलणं ही गोष्ट खरोखर चांगली, म्हणूनच हे वाचून मला राग येतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी नेमकं हेच केलं होतं.

"सारखंच खाल्लं की सारखंच उतरतं." सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. आपण दिवसभर नुसते पडून राहिलो तरी शरीराला ऊर्जा लागतेच. तिचा अंदाज बांधायला आहारतज्ज्ञ १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. वजनाची १० पट, सेंटिमीटरमधल्या उंचीची सव्वासहा पट, यांच्या बेरजेतून वयाची ५ पट वजा. मग पुरुष असेल तर ५ मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे. म्हणजे वजन, उंची आणि वय तंतोतंत जुळलं तरी रोजचा १६६ कॅलरींचा फरक राहतोच, कारण पुरुषाच्या अंगात सरासरीने स्नायू जास्त आणि चरबी कमी असते.

आणि प्रत्यक्षात वजन-उंची जुळत नाहीच. तेव्हा माझ्या नवऱ्याचं वजन ८४ किलो, उंची १७२ सेंटिमीटर, वय ४१. माझं ६८, १५८ आणि ३८. सूत्राप्रमाणे त्याला पडल्यापडल्या सुमारे १,७१५ कॅलरी लागत होत्या, मला १,३१७. दोघांचंही बैठं काम, त्यामुळे १.४ ने गुणलं तर दिवसाचा खर्च त्याचा २,४०० आणि माझा १,८४० च्या आसपास. आम्ही दोघं मोजून १,६०० खात होतो. त्याची रोजची तूट ८००, माझी २४०. एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरल्या, तर चार आठवड्यांत त्याचं जवळपास तीन किलो उतरायला हवं आणि माझं एकही नाही. तेव्हा हा हिशोब मला कुणी करून दाखवला असता तर!

हे काही आमच्याच घरातलं नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रीव्ह्यू' अभ्यासात दोन हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांना आठ आठवडे एकच, अगदी कमी कॅलरींचा आहार दिला होता. पुरुषांचं वजन बायकांपेक्षा १६ टक्के जास्त उतरलं.

"ज्याचं उतरत नाही तो चोरून खातो." हे वाक्य सगळ्यात वाईट, कारण ते घरात संशय पेरतं. फ्रिजवर आम्ही दोन रकान्यांचा कागद लावला होता. चौथ्या रविवारी त्याच्या रकान्यात आणखी ७०० ग्रॅम कमी लिहिले गेले आणि माझ्या रकान्यात उलट ४०० ग्रॅम वाढ. पेन हातात धरून त्याने विचारलं, "दुपारी ऑफिसात काही खाल्लंस का?" त्याच्या आवाजात चीड नव्हती, पण मला ते आजही लक्षात आहे. मी काहीही खाल्लं नव्हतं. दोन दिवसांनी पाळी आली. पाळीच्या आधी शरीरात पाणी साठतं, काटा चढतो आणि नंतर आपोआप उतरतो. पुरुषाच्या रकान्यात हा चढउतार दिसतच नाही. पाण्याचा खेळ आणखीही असतो. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे राखीव साखरेच्या, दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की पहिल्या आठवड्यात हा साठा आणि त्याबरोबरचं पाणी जातं. त्या आठवड्याचा भला मोठा आकडा म्हणजे सगळी चरबी नव्हे.

"दर रविवारी एकत्र वजन करा." त्या कागदामुळे मी शनिवारी रात्रीचं जेवण सोडायला लागले होते. याहून जास्त काय सांगू?

"एकमेकांवर नजर ठेवा." नजर ठेवली की माणूस खाणं सोडत नाही, समोर खाणं सोडतो. खाण्याच्या डब्याचं झाकण आवाज न करता कसं उघडायचं हे आमच्या घरात त्याच दिवसांत दोघंही शिकलो.

"महिनाभर कडक पाळा." आणि पुढे? वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो, म्हणून ७,७०० चं ते गणित महिन्यामागून महिने ताणता येत नाही, उतरण्याचा वेग मंदावतोच. जुन्या खाण्यावर परत गेलं की वजनही परत येतं. आमचं आलं.

"जोडीदार तयार नसेल तर सुरूच करू नका." हे तर साफ चूक. २०१८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात १३० जोडप्यांतल्या एकेकानेच वजन कमी करायला घेतलं होतं. सहा महिन्यांनी पाहिलं, तर ज्यांनी काहीच ठरवलं नव्हतं अशा जोडीदारांपैकीही जवळजवळ एक तृतीयांश जणांचं वजन तीन टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं होतं. स्वयंपाकघर एकच असतं, म्हणून हे घडतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. भाजीत असे दोन चमचे कमी पडले तर ते दोघांच्याही पोटात कमी जातात, मग दुसऱ्याने ठरवलेलं असो वा नसो.

जोडीचा फायदा मी नाकारत नाही. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ३,७२२ जोडप्यांच्या पाहणीत, बायकोचं वजन उतरलं तेव्हा २६ टक्के नवऱ्यांचंही उतरलं, एरवी १० टक्क्यांचंच. बायकांमध्ये हेच आकडे ३६ आणि १५. पण हा फायदा घर बदलण्याचा आहे, ताटं सारखी करण्याचा नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही कागद फाडला. काय घरात आणायचं आणि तेल किती घालायचं हे दोघांनी मिळून ठरवलं. पातेलं एकच, पण त्याला भात दोन वाट्या, मला एक, आणि भाजी-डाळ दोघांनाही पोटभर. काट्यावर ज्याने त्याने आपापल्या दिवशी उभं राहायचं. दीड वर्षात त्याचं नऊ किलो उतरलं, माझं सहा. (मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदरपणात वजन उतरवायच्या मागे लागूच नका.)

तो मजकूर पाठवणाऱ्या दोघींपैकी एकीशी काल बोलले. दोन आठवडे ती रात्री जेवत नाहीये, कारण महिन्यात नवऱ्याचं तीन किलो उतरलं आणि तिचं एक. तिचं वजन, उंची आणि वय विचारून मी सूत्र मांडलं. तिच्या शरीराच्या हिशोबाने ते एक किलो अगदी बरोबर होतं. तो हिशोब मी तिला पाठवलाय, आणि आज रात्री जेव म्हणून सांगितलंय.