चॅम्पियन हिलचं कुलूप

शनिवारी पुन्हा चॅम्पियन हिलला मॅच बघून आलो. डोक्यात बरेच दिवस घोळतंय ते आज लिहूनच टाकतो.

डलिच हॅम्लेट हा दक्षिण लंडनमधला फुटबॉल क्लब, चॅम्पियन हिल हे त्याचं मैदान. इंग्लंडमध्ये वरच्या चार डिव्हिजनच्या खाली खेळणाऱ्या क्लबांना 'नॉन-लीग' म्हणतात, त्यातला. ईस्ट डलिच स्टेशनवर उतरलं की आधी सेन्सबरीजचं भलंमोठं दुकान लागतं. ट्रॉल्या ढकलणाऱ्या लोकांमधून वाट काढत गुलाबी-निळे मफलर घातलेली माणसं मैदानाकडे चाललेली असतात. जुनं मैदान पाडून जागा विकली, दुकान आलं आणि शेजारी १९९२ मध्ये हे छोटं मैदान उभं राहिलं. जुन्या मैदानावर १९३३ च्या अमॅच्युअर कपच्या (हौशी संघांच्या स्पर्धेच्या) फायनलला २०,७४४ माणसं होती. १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये मेक्सिको आणि दक्षिण कोरिया इथेच भिडले. (त्याच ऑलिम्पिकमध्ये आपली पोरं इलफर्डला फ्रान्सविरुद्ध बहुतेक अनवाणी खेळली आणि १-२ अशी थोडक्यात हरली.)

क्लब १८९३ चा. डलिच हॅम्लेट शाळेची माजी पोरं आणि लॉरेन 'पा' विल्सन यांनी उभा केला. अमॅच्युअर कप चार वेळा जिंकला: १९२०, १९३२, १९३४, १९३७. पण मैदानाकडे जाणाऱ्या गल्लीला नाव आहे ते एका खेळाडूचं, एडगर केलचं. या माणसाने क्लबसाठी चारशेच्या वर गोल केले. व्यावसायिक क्लबांनी बोलावलं तरी तो गेला नाही. हौशीच राहिला आणि तसाच १९२९ मध्ये इंग्लंडकडून तीन सामने खेळला. पहिल्याच सामन्यात फ्रान्सविरुद्ध दोन गोल! त्याच्या नावाचं गाणं आजही गोलमागे उभं राहून म्हणतात. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्या आठवल्या. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या तिथल्या दोन संघांच्या मॅचला पेठाच्या पेठा उतरतात, तो आवाज.

मार्च २०१८ मध्ये या क्लबला स्वतःच्याच मैदानाबाहेर काढलं. जमीन एका बिल्डर कंपनीच्या ताब्यात होती, तिला तिथे घरं बांधायची होती. परवाना रद्द झाला, गेट बंद. 'डलिच हॅम्लेट फुटबॉल क्लब' हे नाव वापरायचं नाही, ते आता नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, असंही क्लबला कळवलं. सव्वाशे वर्षांचं नाव! मला राग येतो तो इथे. जमिनीचा वाद एकवेळ समजू शकतो, पण पोरांनी शाळेच्या नावावरून ठेवलेलं नाव कुणी आपल्या मालकीचं कसं म्हणू शकतं?

क्लब टूटिंग अँड मिचम या दुसऱ्या क्लबच्या मैदानावर गेला. पाठीराखे पण गेले, दर मॅचला. आधीची सलग दोन वर्षं प्ले-ऑफ फायनल (बढती ठरवणारी शेवटची मॅच) हरलेला हा संघ त्या वर्षी, घर नसताना, पेनल्टीवर हेन्डनला हरवून वरच्या डिव्हिजनमध्ये चढला. विषय संसदेत गेला, लंडनचे महापौर बोलले, आणि डिसेंबरमध्ये क्लब चॅम्पियन हिलला परतला.

घरं नकोत असं मी म्हणत नाही. मी स्वतः या शहरात भाड्याने राहतो, इथलं भाडं काय असतं ते मला ठाऊक आहे. पण घर कुठे बांधायचं याला पर्याय निघतो. शंभर वर्षं जिथे लोक उभे राहिले ती जागा दुसरीकडे नेता येत नाही. क्लबच्या मैदानाची मालकी क्लबच्या सभासदांच्या ट्रस्टकडे किंवा नगरपालिकेकडेच असावी आणि ती विकता येऊ नये, असा सरळ कायदा हवा. आज मालक चांगला आहे म्हणून गप्प बसायचं नाही, कारण मालक बदलतो.

शनिवारी हाफ टाइमला नेहमीचं दृश्य पाहिलं. शिट्टी वाजली आणि गोलमागची सगळी गर्दी ग्लास सांभाळत, पोरांना खांद्यावर घेऊन, कुत्र्यांना ओढत दुसऱ्या टोकाला चालू लागली, कारण आता आपला संघ तिकडे गोल मारणार. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा माझ्या पुढे काठी टेकत जात होते. मी हात पुढे केला तर म्हणाले, राहू दे, ही वाट मला पाठ आहे.

कोल्हापूरचं कुणी लंडनला येणार असेल तर कळवा. ईस्ट डलिच स्टेशनवर घ्यायला येतो.