तुम्ही नेव्हीत होतात ना?

रिटायर झाल्यावर माणसाने काय करावं यावर सगळे सल्ले देतात, पण नोकरी कुठे केली हे चारचौघांत कसं लपवावं हे कोणी शिकवत नाही. बँकवाल्याला लोक एफडीचा रेट विचारून सोडून देतात, मास्तरांना तर कोणी काहीच विचारत नाही कारण ते उलट प्रश्न विचारतील अशी भीती असते, पण नेव्हीवाला दिसला की लग्न असो, बारसं असो, दहावं असो, कोणीतरी खुर्ची ओढून जवळ सरकतोच. आणि गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांना उत्तर नको असतं. उत्तर ते घरून घेऊन आलेले असतात, मी फक्त मान हलवायची असते, आणि मी मान हलवत नाही म्हणून ते नाराज होतात.

पहिला प्रश्न ठरलेला. "मर्चंट नेव्ही ना?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग मी सांगायला लागतो की मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजं, तिथे कंपन्या असतात, काँट्रॅक्ट असतं, परीक्षा आणि सर्टिफिकेटं डीजी शिपिंग या सरकारी खात्याकडून असतात, आणि आम्ही म्हणजे आर्मी-एअरफोर्ससारखं सैन्य, फक्त पाण्यावरचं. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर तो विचारतो, "म्हणजे डॉलर नाही?" नाही. "मग एवढं पाण्यात राहून काय उपयोग!" यावर काय बोलणार. माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळाने तर हे कळल्यावर कांदेपोह्यांची बशी अर्ध्यात नेल्यासारखं केलं होतं.

दुसरा प्रश्न, "कॅप्टन झाला होतात का?" इथे फार गोंधळ आहे. आर्मीचा कॅप्टन हा पोरगेलासा असतो, नोकरीला लागून थोडी वर्षं झालेला. नेव्हीतला कॅप्टन म्हणजे आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि आर्मीच्या कॅप्टनच्या बरोबरीचा आमच्याकडे लेफ्टनंट असतो. त्यात आणखी एक भानगड, शिपचा जो मुख्य अधिकारी असतो त्याला सगळे कॅप्टनच म्हणतात, मग भले तो रँकने कमांडर असो. मी यातला कोणीच नव्हतो, मी इंजिन रूममधला खलाशी होतो आणि चीफ पेटी ऑफिसर, म्हणजे खलाशांमधल्या वरच्या रँकचा, म्हणून बाहेर पडलो, पण हे सांगून झाल्यावर आमच्या शेजारच्या काकांनी पुढच्याच मिनिटाला दुसऱ्यांना ओळख करून दिली, "हे कॅप्टनसाहेब." आता सोसायटीच्या नोटीस बोर्डावरसुद्धा तसंच येतं. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय, कारण दुरुस्त करायला गेलं की लोकांना वाटतं माझं डिमोशन झालं होतं.

पण सगळ्यात जास्त छळ झाला तो लोणावळ्यावरून. मला ट्रेनिंगसाठी आयएनएस शिवाजीवर पाठवलं आणि आईने अख्ख्या गल्लीत सांगितलं की पोराला महाराजांच्या नावाच्या बोटीवर घेतलं. इथपर्यंत ठीक होतं. मग कोणीतरी विचारलं की ही बोट असते कुठे, आणि आई म्हणाली लोणावळ्याला. झालं! त्यानंतर कित्येक वर्षं आत्या मला विचारायची की घाटात बोट चढवली कशी. वस्तुस्थिती अशी आहे की नेव्हीच्या जहाजांच्या नावाआधी आयएनएस लागतं, तसंच ते जमिनीवरच्या तळांनाही लावतात. शिवाजी लोणावळ्याला, तिथे इंजिनं शिकवतात, वलसुरा जामनगरला, तिथे इलेक्ट्रिकलवाले, हमला मालाडला, तिथे रेशन-स्टोअर्सचा हिशोब ठेवणारे, द्रोणाचार्य कोचीला, तिथे तोफांवाले. आणि एकदा आयएनएस म्हटलं की मग शिपचे सगळे रिवाज आले, म्हणजे आम्ही डोंगरावर, चारी बाजूंनी पाऊस आणि धुकं, समुद्र कुठल्या कुठे, पण फरशीला डेक म्हणायचं आणि गेटबाहेर चिक्की घ्यायला निघालो तर ते "अशोर", म्हणजे किनाऱ्यावर, जाणं. आत्याला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे खोटी खोटी बोट." मी हो म्हटलं. सोपं पडतं.

मग पोहण्याचा प्रश्न. "पोहता येत नसेल तर घेतात का?" घेतात, आणि शिकवतात. खलाशांची भरती होऊन पोरं जातात ओडिशाला आयएनएस चिल्कावर, त्याच नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठी. अधिकारी होणारे केरळात एळिमलाच्या अकादमीत जातात, किंवा आधी तीन वर्षं खडकवासल्याला एनडीएत काढून मग तिकडे. पोहायला शिकवण्याची पद्धत साधी आहे, तुम्हाला उंच फळीवर उभं करतात आणि खालून एक माणूस ओरडतो. मागे वळून शिडीने उतरता येतं असं ज्यांना वाटतं त्यांना तिथे पहिल्यांदा कळतं की शिडीवर पुढचा माणूस उभा आहे. माझ्या पुढच्या पोराने फळीवरून विचारलं होतं, "सर, मी इंजिनाकडे जाणार आहे, मला कशाला?" उत्तर मिळालं की इंजिन शिपच्या सगळ्यात खाली असतं, पाणी आधी तिथेच येतं.

उलटीबद्दल विचारणारे लोक मात्र मला आवडतात, कारण तो एकमेव खरा प्रश्न आहे. बोट लागते का? लागते. कानाच्या आतला भाग मेंदूला सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात समोरची भिंत तर स्थिर आहे, आणि या भांडणात पोट पडतं. ब्रिटिशांचा ॲडमिरल नेल्सन, एवढ्या लढाया मारल्या, त्यालाही आयुष्यभर समुद्र लागायचा. यावर उपाय म्हणजे वर डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत राहायचं. हा उपाय इंजिन रूमवाल्याला सांगणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा आहे. आमच्याकडे क्षितिज नव्हतं, चाळीसच्या वर टेंपरेचर होतं, डिझेलचा वास होता आणि रेलिंगला बांधलेली बादली होती. बादली का बांधतात तर ती निसटली की ती पण फिरते आणि तुम्ही पण फिरता.

जेवणाचं विचारतात ते बायका-माणसं. विक्रमादित्य ही विमानवाहू बोट सेवेत आली तेव्हाचे आकडे पेपरात आले होते, महिन्याला सुमारे १ लाख अंडी, २०,००० लिटर दूध, १६ टन तांदूळ, आणि माणसं साधारण १,६०० च्या वर. मी हे आकडे कौतुकाने सांगतो. आमच्या वहिनी ऐकून गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "एक लाख अंडी सोलतं कोण?" इतक्या वर्षांत एकाही ॲडमिरलने हा प्रश्न विचारला नसेल.

पाणबुडीला खिडकी असते का, नसते. मासे दिसत नाहीत, काही दिसत नाही. सदुसष्ट मीटर लांबीची कलवरी वर्गातली पाणबुडी आमच्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्येच बांधलेली, आत गेलं की आधी डोकं आपटतं आणि मग गुडघा. दाढी ठेवता येते का, परवानगी घेऊन येते. कॅन्टीनमधून "ती" आणून देता का, या प्रश्नाला मी ऐकू कमी येतं असं दाखवतो, इंजिन रूमवाला असल्याने लोकांना ते पटतंही.

आता जो प्रश्न हल्ली दर आठवड्याला येतो तो. "आमच्या पोराला लावून टाका ना, तुमची ओळख असेल." यात आवाज खाली गेलेला असतो आणि शेवटी "काय असेल ते बघू" असं येतं. मी शपथेवर सांगतो की फॉर्म ऑनलाइन, पहिली परीक्षा कॉम्प्युटरवर, मग पळणं आणि उठाबशा, मग मेडिकल, मग मेरिट लिस्ट, आणि चिल्काला पोचल्यावर पुन्हा मेडिकल. यात मी कुठे बसतो? पण समोरच्याला खात्री असते की मी बसतो, फक्त त्याच्यासाठी बसत नाही. आणि जे गावोगाव पैसे घेऊन "आतून काम करतो" म्हणणारे असतात ते यातच जगतात, दहा पोरांकडून घेतात, दोन पोरं स्वतःच्या अकलेने लागतात, त्या दोघांचं श्रेय घेतात आणि उरलेल्यांना पुढच्या भरतीचं गाजर.

त्यात २०२२ पासून अग्निवीर आलं, त्यामुळे प्रश्न दुप्पट झाले. चार वर्षं नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३०,००० पण हातात २१,०००, कारण तीस टक्के कापून सेवा निधीत जातात आणि सरकार तेवढेच घालतं, शेवटी साधारण ११.७१ लाख मिळतात, पेन्शन नाही, आणि पंचवीस टक्क्यांपर्यंत पोरांना पुढे कायम घेतात. हे सांगितलं की प्रत्येक बाप म्हणतो, आमचा त्या पंचवीसमध्ये येणार. येऊ देत बुवा. मी फक्त एवढं विचारतो की पोरगा १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत पळतो का. माझा भाचा म्हणाला तयारी जोरात चालू आहे. नंतर कळलं की रनिंगचे व्हिडिओ बघतोय. त्याच्या हातावर खांद्यापर्यंत वाघ काढलेला आहे, त्यालाही सांगितलं की टॅटू चालतो तो कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या मागच्या बाजूला, बाकी वाघ बसत नाही. तर बहीण म्हणाली, "बाहीत झाकला जाईल की." मेडिकलला बाही नसते हे मी तिला सांगू शकलो नाही.

जे विचारायला पाहिजे ते कोणी विचारत नाही याचंच मला राहून राहून वाटतं. झोप! कोणी एकाने तरी विचारावं झोपता कधी. ड्युटी चार-चार तासांची असते, तिला वॉच म्हणतात, आणि दुपारी चार ते आठचे मुद्दाम दोन-दोन तासांचे तुकडे करतात म्हणजे दिवसाच्या वॉचची संख्या विषम होते आणि रोज त्याच माणसाच्या नशिबी मध्यरात्र येत नाही. फार हुशार माणसाने काढलेली व्यवस्था आहे, फरक एवढाच की त्यामुळे मध्यरात्र सगळ्यांच्या नशिबी येते. बारा ते चार करून वर आलात की अंग शिजलेलं असतं, तीन मजली बंकवर चढताना खालच्याच्या तोंडावर पाय पडतो, तो शिव्या घालतो, आणि डोळा लागतो न लागतो तोच भोंग्यातून शिट्टी वाजते कारण कोणाला तरी डेक धुवायचं असतं. आणि इस्त्री, पांढऱ्या कपड्यांची इस्त्री, हलणाऱ्या शिपवर, ती कशी करता हे विचारायचं सोडून लोक डॉलर विचारतात!

परवा खालच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात भेटली. बारावीला आहे. मी सवयीने तयारीत उभा राहिलो. तिने विचारलं, "काका, इंजिनाकडे मुलींना देतात का?" म्हटलं अग्निवीरांच्या पहिल्याच तुकडीत २७३ मुली चिल्कावरून पास झाल्या, मार्च २०२३ मध्ये, संध्याकाळी अंधार पडल्यावर परेड झाली होती, तशी आधी कधी झाली नव्हती, आणि ट्रेड, म्हणजे कोणाला कुठलं काम, ते मेरिटवर आणि गरजेवर ठरतात. तिने दुसरा प्रश्न विचारला, पळताना शेवटच्या चारशे मीटरला पोटात कळ येते तिचं काय करायचं. मी म्हटलं श्वास लांब सोड, आधी काही खाऊ नकोस, आणि बघ, आमच्या वेळी लोणावळ्याला... पण ती बूट बांधून निघूनही गेली होती, मुलींना आठ मिनिटं असतात आणि तिला म्हणे साडेसहात यायचंय.